लॅपटॉप कोणाच्या नावाने

फ्रीज एकदम थरथरला आणि घुर्र करत सुरू झाला. लाइट आली. दुपारचे सव्वादोन. भारनियमनाचे अडीच तास आमचं घर इतकं गप्प असतं, की त्या आवाजाने दरवेळी दचकायला होतं. शेजारी झोपलेल्या माझ्या लेकीने, जान्हवीने, कूस बदलली. मी पेन हवेत धरून थांबले. ती उठली नाही. पंखा फिरायला लागला, तिच्या कपाळावरचे घामाने चिकटलेले केस हलायला लागले, आणि मी अर्धं राहिलेलं वाक्य पुढे ओढलं.

वाक्य कशात लिहीत होते ते आधी सांगायला हवं. देवबागात आमच्या घरच्याच दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. कोण आलं, कुठून आलं, गाडीचा नंबर काय, हे सगळं एका मोठ्या रजिस्टरात लिहून ठेवावं लागतं. त्या रजिस्टरात पुढून पाहुणे आणि मागून मी. शेवटच्या पानापासून उलटं लिहीत यायचं, अशी सोय मी तीन वर्षांपूर्वी लावून घेतली होती. वेगळी वही केली असती तर ही कसली वही म्हणून कोणीतरी विचारलं असतं. रजिस्टर घेऊन बसलेल्या सुनेला कोणी काही विचारत नाही.

लिहायचे काय, तर विशेष काही नाही. जान्हवी काय बोलली ते. सासूबाई मालवणच्या बाजारात मासे विकून आल्या की गिऱ्हाइकांच्या नकला करतात, त्या. यंदा समुद्राने कोणाच्या माडापर्यंतची वाळू नेली ते. पाच वर्षांची पोर पदरात, दोन खोल्यांचे पाहुणे, सकाळचा नाश्ता, दुपारची माशांची ताटं, यात लिहायला वेळ असा मिळत नाही. तो पळवावा लागतो. पावणेबाराला लाइट जाते, माझा नवरा सुदेश खाडीवर होडीकडे असतो, सासूबाई अजून बाजारात, सासरे पडवीत जाळ्याशेजारी डुलकी काढतात. जेवणाची ताटं वाढून झाली आणि जान्हवी झोपली की माझं राज्य. कधी अर्धा तास, कधी दहा मिनिटं.

मे महिन्यात या सोयीचा घोटाळा झाला. पुण्याहून आलेल्या एका बाईंच्या हातात सुदेशने रजिस्टर दिलं आणि त्यांनी ते नेमकं उलट्या बाजूने उघडलं. बाई आरामखुर्चीत बसून वाचत राहिल्या. मी आत बांगडे तळत होते, मला पत्ता नाही. निघताना त्यांनी माझ्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं होतं : 'फार छान. मनापासून आवडलं.' सुदेशने तेवढंच वाचलं. वरच्या पानांवर माझं अक्षर म्हणजे वाणसामानाची यादीच असणार, हे तो धरूनच चालला. दिवसभर आईला सांगत होता, "पुण्याच्या बायन आमच्या सोलकढीबद्दल लिवल्यान!"

सोलकढीचं कौतुक मी मान खाली घालून घेतलं. पण त्या रात्री अंगाला काटा येत होता. परक्या बाईने वाचलं याचा नव्हे. उद्या कोणीही वाचेल याचा. मला लिहायला माझी जागा हवी होती.

मग सप्टेंबरात जेवताना सुदेश म्हणाला, "आता लॅपटॉप घेवक व्हयो. पावणे ईमेलार खोल्यांचे फोटो मागतत. दर खेपेक मालवणात सायबरमध्ये जावन होना नाय."

"घेवया," मी म्हटलं. "बुकिंगाक लागतलोच."

इतक्या पटकन म्हटलं की माझा मलाच संशय आला. कारण मसाल्याच्या डब्याखाली मी पेपरातली एक जाहिरात कापून ठेवली होती. छोट्या लॅपटॉपची. दहा इंची, वजन एका नारळाएवढं, बॅटरी सहा तास. त्या जाहिरातीची घडी माझ्या बोटांना पाठ झाली होती.

मोठा घेतला तर काय होणार हे मला दिसत होतं. मोठा पडवीतल्या टेबलावर बसणार. त्यावर पाहुण्यांची पोरं गेम खेळणार, सुदेश क्रिकेट लावणार, शेजारपाजारचे लग्नाच्या सीड्या घेऊन येणार. आणि त्याची बॅटरी जेमतेम दीड तास. दहाला कोणी वायर न लावता गेम खेळत बसला की पावणेबाराला लाइट जाईल तेव्हा तो मेलेला. म्हणजे जी वेळ माझी, नेमकी त्याच वेळी तो बंद. छोटा मात्र कुठेही मावला असता. भाताच्या डब्यामागे, उशीखाली. लाइट नसताना, पंखा बंद असताना, माझ्याजवळ चालू राहिला असता.

हे एवढं सोपं होतं. ते मी सांगितलं नाही. बुकिंगचं नाव पुढे केलं आणि त्याच्या मागे उभी राहिले.

दिवाळीचे पाहुणे यायच्या आधी घ्यायचा म्हणून ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी आम्ही कुडाळला निघालो. मालवणच्या स्टँडवर सासूबाई येऊन मिळाल्या, मासे संपवून, रिकामी टोपली कमरेवर घेऊन.

"आये, तू कित्याक?" सुदेश म्हणाला.

"तू दुकानदारान सांगलेलो भाव दितलंस आणि वर थँक्यू म्हणतलंस. आणि ह्या चेडवाच्या तोंडातसून तर शब्द फुटना नाय. मी नको?" चेडू म्हणजे पोरगी; ती मी.

जान्हवी आजीला चिकटली. एसटीभर दोघी खिडकीतून बघत काहीतरी खात होत्या.

दुकान काचेच्या दाराचं, आत थंडगार. दुकानदाराने आम्हाला खुर्च्या दिल्या, टोपलीकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"आजी, ते बाहेर ठेवलं तर चालेल?"

"रिकामी आसा ती," म्हणत सासूबाईंनी टोपली शेजारच्या खुर्चीवर ठेवली. खुर्ची टोपलीलाच दिली आणि आपण जान्हवीला मांडीवर घेऊन बसल्या.

"घरगुती वापर की व्यवसायासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"दोन्ही," सुदेश म्हणाला. दुकानात शिरल्यावर त्याची भाषा इस्त्री केल्यासारखी होते. "आमचं होम स्टे आहे. फोटो दाखवायचे, बुकिंग घ्यायचं."

"मग हा बघा." त्याने काउंटरवर मोठा लॅपटॉप आणून ठेवला. काळा, चकचकीत. "पंधरा इंची. डीव्हीडी आहे, कॅमेरा आहे. गेल्या आठवड्यात असेच दोन गेले. आणि तुमच्यासाठी दोन हजार कमी करतो."

सासूबाईंनी कान टवकारले. त्या माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "आमी काय बोलूक नाय, आणि हो आपणच कमी करता? मी दुपारी बारा वाजले काय उरलेले पेडवे असेच दितंय."

मग त्या उठल्या. लॅपटॉपचं झाकण उचलून त्यांनी आत पाहिलं, जसा सुरमईचा कल्ला उचलून पाहतात. अंगठ्याचं नख दोन बटणांच्या मधून फिरवलं आणि नखावर आलेली धूळ दुकानदाराला दाखवली.

"जरा उलटो करा."

"आजी, खाली काही नसतं."

"मगे उलटो करूक काय जाता?"

उलटा केला. खालच्या चार रबरी टेकूंपैकी एक गेलेला होता. स्टिकरचा कोपरा चोळवटून मऊ झालेला.

"कितके दिवस काचेत हो?"

"डिस्प्लेचा पीस आहे तो, पण एकदम ओके आहे. काही प्रॉब्लेम नाही."

"डिस्प्ले म्हणजे?" त्यांनी मला विचारलं.

"दाखवूक ठेवलेलो."

"म्हणजे येयत त्यान कल्ले उचलून बघलेलो." त्यांनी झाकण बंद केलं. "बर्फातलो आसा. ताजो काडा."

दुकानदार हसला, पण कान लाल झाले. ताजा मंगळवारी येईल म्हणाला. सीलबंद पेटी, तुमच्यासमोर उघडू.

एवढा वेळ मी काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभी होते. तिथे छोटा होता. पांढरा. पेपरातल्यापेक्षाही लहान वाटला. मी तो उचलला, एका हातात मावला. बटणांवर बोटं ठेवली.

"ह्याची बॅटरी खरंच सहा तास चालते?" मी विचारलं.

"पाच धरा," दुकानदार म्हणाला. "पण ताई, तो मुलांना वगैरे ठीक असतो. स्क्रीन बघा केवढी."

"बारको नको," सुदेश म्हणाला. "पावण्यांक फोटो दाखवूचे तर तीन डोकी मावची नाय हेच्यात."

त्याच क्षणी बोलायचं होतं. लग्नाआधी ओरोसला कचेरीसमोरच्या टायपिंगच्या दुकानात मी दोन वर्षं लोकांचे अर्ज टाईप करत होते. 'सादर विनंती की', 'तरी मेहरबान साहेबांनी', सगळ्यांच्या विनंत्या माझ्या बोटांतून बिनचूक गेल्या. माझी एक विनंती तोंडातून निघेना.

"गो, घेवचो नाय तर कुरवाळतंस कित्याक तेका?" सासूबाई म्हणाल्या. "ठेव खाली."

मी ठेवला. मंगळवारी येतो, असं सांगून आम्ही निघालो.

आमच्या घरात गाऱ्हाणं घातल्याशिवाय मोठी वस्तू येत नाही. होडी, इंजिन, जाळं, इतकंच कशाला, पाहुण्यांसाठी घेतलेला गीझरसुद्धा. आदल्या संध्याकाळी सासरे तुळशीसमोर नारळ ठेवतात आणि जागेच्या राखणदाराला मोठ्याने सांगतात, उद्या अमुक वस्तू येणार आहे, अमक्याच्या नावाने, अमक्या कामासाठी. सांभाळून घे. बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

नाव आणि काम स्पष्ट सांगायचं, यावर सासरे अडून असतात. त्याला कारण आहे. पूर्वी होडीचं पहिलं इंजिन आणलं तेव्हा त्यांनी नुसतं 'घरासाठी' म्हटलं होतं. घरात तेव्हा सासरे आणि त्यांचा भाऊ. दोघांनाही ते आपलं वाटलं. तीन वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. मग तो वेगळा झाला आणि तारकर्लीला गेला. तेव्हापासून सासरे राखणदारासमोर मोघम बोलत नाहीत.

सोमवारी दिवे लागायच्या वेळेला त्यांनी नारळ ठेवला. खांद्यावर धुवट पंचा, दुखऱ्या गुडघ्यामुळे एका हाताने तुळशीचा कट्टा धरलेला. सुदेश, सासूबाई, मी, आणि पुढे जान्हवी. तिला हा प्रकार फार आवडतो, ओरडायला मिळतं म्हणून.

"कोणाच्या नावान घालू?" त्यांनी विचारलं.

"घाला घराच्या," सुदेश म्हणाला.

"घराच्या नावान मी घालीत नाय. वापरतलो कोण?"

"बुकिंग वर्षालीच बघतली."

"मगे तिच्या नावान. आणि काम काय सांगू, बुकिंग?"

त्यांनी हात जोडले. डोळे मिटले. 

घरच्यांशी खोटं बोलणं वेगळं. ते खोटंही नव्हतं म्हणा, अर्धं होतं. पण हा म्हातारा दुखऱ्या पायांवर उभा राहून, माझं अर्धं खोटं खणखणीत आवाजात राखणदाराला सांगणार, आणि माझी पोर त्याला 'व्हय' म्हणणार. ते मला ऐकवणार नव्हतं.

"बाबा, थांबा," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बुकिंगाक म्हणू नकात. म्हणजे बुकिंग मी करतलंयच. पण तो माका... लिवक व्हयो."

"लिवक?" सुदेश म्हणाला. "काय लिवक?"

"असाच. माजा मनातला."

"तेका लॅपटॉप कित्याक? रजिस्टर आसा, वही आसा."

"रजिस्टरातच लिवतंय. तीन वर्सा. मागल्या बाजून." आणि आता सुरू केलंच होतं, म्हणून पुढेही बोलले, "पुण्याच्या बायन ता सोलकढीचा लिवक नाय. माज्या लिवण्याचा लिवल्यान."

सुदेशचं तोंड उघडं राहिलं. तो काय आठवत होता ते मला कळत होतं. ती सोलकढी त्याने निम्म्या देवबागला सांगितली होती.

"आणि बारकोच व्हयो," मी म्हटलं. "मोठो पडवीत ऱ्हवतलो, तो सगळ्यांचो होतलो. बारको लाइट गेली तरी चलता. माका तेवाच वेळ गावता."

 सासऱ्यांनी डोळे उघडून एकदा माझ्याकडे पाहिलं. "लिवक म्हणजे कागदपत्रां?"

"नाय बाबा. मनातला."

"बरा." त्यांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला. राखणदाराला हे कसं समजावायचं याचा विचार करत असावेत. मग पुन्हा हात जोडले.

"बा म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा! आज तुज्याफुडे नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे. ह्या घरची सून वर्षाली, हिच्या नावान उद्या एक वस्तू घरात येतली. तिका मनातला लिवचा आसा. तिच्या हाताक यश दी. वस्तू बिघडा नये, खाऱ्या वाऱ्यान गंजा नये, आणि तिच्या लिवण्यात कोण आडो येवा नये, रे म्हाराजा!"

इथे होकार यायचा. दरवेळी सुदेशचा आवाज सगळ्यांत आधी असतो. तो तुळशीकडे बघत उभा. जान्हवी तोंड उघडून बापाकडे बघतेय, तो म्हणेल मग आपण म्हणू.

"व्हय म्हाराजा," सासूबाई म्हणाल्या. "फुडे बोला, माका भात टाकूचो आसा."

"व्हय म्हाराजा!" जान्हवी किंचाळली.

सासऱ्यांनी शेवटची ओळ पुन्हा म्हटली, तितक्याच शांतपणे. जाळ्याची गाठ नीट बसली नाही की ते ती सोडून पुन्हा घालतात, तशी. मग थांबले.

"व्हय म्हाराजा," सुदेश म्हणाला. कोणी आतून दार लोटावं एवढाच आवाज.

सासूबाई आत जाता जाता मला म्हणाल्या, "माका दुकानातच कळला होता. लोक मासो असो धरतत, घरात पैसो नसलो काय."

जेवणं झाल्यावर मी पाहुण्यांच्या चादरींच्या घड्या घालत होते. सुदेश दारात येऊन उभा राहिला. लिहिताना मी त्याचं नाव घेते. बोलताना अजून जमत नाही.

"देवाक आधी सांगलंस. माका मागसून."

"तुमी हसलास असतास."

"हसलंय असतंय." त्याने चादरीचं दुसरं टोक धरलं. "हसान घेतलो असतो."

 आम्ही घडी घातली. दुसरी चादर घेतली.

"माज्याबद्दल आसा काय ते रजिस्टरात?"

"आसा थोडा."

"वायट?"

"एक-दोन दिवस आसत तशे."

त्याला हसू आलं नाही. तिसरी चादर त्याने एकट्यानेच घडी केली, चुकीची, आणि गेला. मी ती उकलून पुन्हा घातली. एवढ्यात तो रजिस्टर काढून वाचेल असं वाटलं होतं. त्याने काढलं नाही. सकाळी ते होतं तिथेच, पाण्याच्या पिंपावर, पुढची बाजू वर करून.

मंगळवारी एसटीत तो जान्हवीला घेऊन पुढच्या सीटवर बसला. मी मागे. वाटेतलं नांदरुख येईपर्यंत मी त्याची मान बघत होते आणि मनात सगळं परत घेत होते. मोठा घेऊ दे. गाऱ्हाण्याचं काय, राखणदार समजून घेईल, त्याने याहून मोठ्या गोष्टी समजून घेतल्यात.

दुकानदाराने पेटी तयार ठेवली होती. मोठी, सीलबंद. "आजी नाही आल्या?" म्हणत त्याने आधी दारामागेही पाहिलं.

सुदेशने पेटीवर हात ठेवला. वरचं चित्र बघितलं, बाजूला छापलेलं वाचलं. बराच वेळ वाचत होता. मग हात काढला.

"छोटा दाखवा," तो म्हणाला. "मिसेसना लिहायला हवा आहे."

दुकानातली भाषा होती ती, इस्त्रीची. पण त्या भाषेत माझ्याबद्दल एवढं नीट वाक्य त्याने कधी केलं नव्हतं.

"लिहायला? मग मराठी टाकून देऊ का? टायपिंग येतं ताईंना?"

"मराठी, मिनिटाला चाळीस शब्द," मी म्हटलं. "टाइपरायटरचा कीबोर्ड असेल तर तो द्या."

दुकानदाराने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. वॉरंटी कार्डावर नाव लिहिताना त्याने सुदेशला विचारलं आणि सुदेशने माझ्याकडे बोट केलं.

परतताना आम्ही तिघं एका सीटवर बसलो. पेटी माझ्या मांडीवर, जान्हवी त्याच्या.

"सकाळी एक तास माका दी," तो म्हणाला. "ईमेलाक."

"घेवा मा."

"मागून घेतलो हां मी. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलंय.

आता तो स्टीलच्या डब्यात असतो, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला, कारण इथे खिडकीची बिजागरीसुद्धा दोन पावसाळे टिकत नाही. सकाळी आठ ते नऊ सुदेशचा. तीन डोकी मावत नाहीत हे त्याचं म्हणणं खरं ठरलं. परवा मुंबईच्या पाहुण्यांना फोटो दाखवताना चौघं एकमेकांवर पडत होते. त्याने माझ्याकडे एक कटाक्ष टाकला.

पहिल्या दिवशी मात्र मला काही सुचलंच नाही. पावणेबाराला लाइट गेली. ताटं आटोपली. जान्हवी झोपली. मी भिंतीला टेकून बसले, उघडला, आणि तो पांढरा कागद समोर. रजिस्टरात निदान पलीकडच्या बाजूला कोणाच्या तरी गाडीचा नंबर असायचा. इथे कोणीच नव्हतं. बटणं लहान, बोटं जुन्या मशीनला सरावलेली. 'क' हवा तिथे दुसरंच काहीतरी उमटायचं. तीन ओळी लिहिल्या, तिन्ही पुसल्या.

दुसऱ्या दिवशी एक जमली. तिसऱ्या दिवशी पान भरलं.

आज सातवा दिवस. लग्न होऊन इथे आले त्या पहिल्या रात्रीबद्दल लिहीत होते. माझं माहेर डोंगराकडचं. घराच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी, हे मला झोपू देईना. पाणी कोणत्या बाजूने येईल हे माहीत असतं तर त्या बाजूला पाठ करून झोपले असते. तेव्हा सासूबाई अंधारात उठून आल्या, काही न विचारता माझ्या पायाशी येऊन झोपल्या, आणि पहाटे बाजाराला निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल एक शब्द नाही. हे मी कोणालाच कधी सांगितलेलं नाही.

ओरोसच्या दुकानातली सवय आहे. टाईप करताना शब्द गळू नये म्हणून तिथे आम्ही पुटपुटत टाईप करायचो. ओठ हलत राहतात, आवाज किती होतो ते आपल्याला कळत नाही.

"कोणाक सांगतंस गो आई?"

जान्हवी जागी होती. कुशीवर, गालाखाली हात, डोळे टक्क उघडे. कधीपासून ते देव जाणे.

"कोणाक नाय. लिवतंय."

"नाय. तू सांगी होतंस. मी आयकलंय. आजयेक सांगतंस?"

"नाय."

"बाबाक?"

"नाय गो बाय."

ती उठली. माझ्या मांडीत येऊन बसली, उबदार, झोपेने जड झालेली, आणि पडद्यावरच्या अक्षरांवर बोट फिरवायला लागली. शाळेत तिची बाराखडी अजून सुरू व्हायची आहे.

"माका?"

कधीतरी तू वाचशील, असं म्हणता आलं असतं. आयांनी म्हणायचं असतं ते. पण लिहिताना ती माझ्या मनात नव्हती. कोणीच नव्हतं, फक्त ती रात्र होती. एवढं खरं बोलून झाल्यावर आता या पोरीशी कुठे अर्धं बोलू?

"तुकाय नाय," मी म्हटलं.

तिला वाईट वाटलं नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग त्या लहानशा उजळ चौकटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मगे आयकता कोण?"